वरची चिमूट

शर्टाच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी काढायची, तिचं झाकण उघडायचं, आतल्या चकचकीत पत्र्यावर एक फुंकर मारायची, चष्मा कपाळावर ढकलायचा, आणि समोर दोन माणसं एकमेकांच्या गचांडीला हात घालून उभी असली तरी शांतपणे म्हणायचं, "थांबा. आधी शून्य करू."

मग ते डबीचं बटण दाबायचे. छोट्याशा काचेत आकडे थरथरायचे आणि शून्यावर येऊन थांबायचे. तोवर भांडणारे भांडण विसरून काचेत डोकावत असायचे.

ते आमच्या गंगाखेडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना सर म्हणायचं, मीही सरच म्हणतो. नाव सांगणार नाही. माझं त्यांच्याशी भांडण आहे, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचं नाव तो नसताना चारचौघांत घ्यायचं नाही, एवढी रीत मी पाळतो. बाकी सगळं सांगतो. कोण चूक ते तुम्हीच ठरवा.

माझं मसाल्याचं दुकान. दुकान म्हणजे बापजाद्यांची गादी नव्हे. पिंगळीच्या, पाथरीच्या बाजारात गोणपाट अंथरून मी जिरं-मोहरी विकली आहे. एस.टी.च्या टपावर पोत्यांसोबत बसून गावं केली आहेत. भाव करण्यात मला हरवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आणि तापट आहे, तेही कबूल. पण माझं दुकान चाललं ते तोंडावर नाही, चिमटीवर.

ती चिमूट आधी समजून घ्या. गिऱ्हाईक शंभर ग्रॅम जिरं मागतं. मी तराजूत जिरं घालत जातो. पारडं खाली यायला निघालं की थांबतो. गिऱ्हाइकाचा चेहरा जरा पडतो, कारण पारडं अजून पुरतं झुकलेलं नसतं. तेवढ्यात मी पोत्यात हात घालतो, पाचही बोटांनी जिरं उचलतो आणि हात उंच नेऊन वरून सोडतो. "हे घ्या मावशी, वरची चिमूट. आमच्याकडून." पारडं दाणकन खाली. मावशी खूश. घरी जाऊन शेजारणीला सांगते, शेठचा हात मोठा आहे.

यात मी कुणाला फसवलं? शंभराला शंभर दिले. फक्त शेवटचे तीन ग्रॅम जरा थाटात दिले. सगळा बाजार असाच देतो. माझ्याइतक्या थाटात मात्र कुणाला जमायचं नाही.

आता ती डबी. एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर चाचाचं हॉटेल आहे. चाचाचा थोरला मुलगा सरांचा विद्यार्थी. तो सौदीला नोकरीला गेला, आणि पहिल्या सुट्टीत आला तेव्हा सरांसाठी ही डबी घेऊन आला. सेलवर चालणारा खिशातला तराजू. पारडं नाही, वजनं नाहीत. दोनशे ग्रॅमपर्यंत काहीही ठेवा, ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा दाखवणार. असली वस्तू तोवर आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. चाचा महिनाभर गल्ल्यावरून ओरडून सांगत होता, "मेरे बच्चे ने लाया! सर के वास्ते!"

दुसऱ्या महिन्यापासून त्याचा आवाज बसला. कारण सरांनी त्याच्याच हॉटेलात बसून त्याचीच भजी मोजायला घेतली. आधी कढईतून काढलेलं भजं मोजलं. मग ते कागदात दाबून पुन्हा मोजलं. मग तेलकट कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "चाचा, एका भज्यात साडेतीन ग्रॅम तेल. ते भजं खायचं की दिव्यात घालायचं?"

"सर," चाचा हात जोडून म्हणाला, "ये डब्बा जेब में रखो. धंदा होने दो."

सरांचा हात थांबायचा नाही. पत्र पोस्टात टाकण्याआधी मोजायचे. एकदा पाकीट काट्यावर भरलं, जास्तीचं तिकीट लागणार असं दिसलं. त्यांनी कात्री मागितली, पत्राचा तळ कापला, पुन्हा मोजलं. "आता बरोबर." मी विचारलं, काय कापलं? म्हणाले, "कळावे, लोभ असावा. मेहुण्याला तसाबी वाचून उपयोग न्हाई."

आणि ती मिशी. आमच्याकडे एक बडं प्रस्थ होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर पैज लावून बसलं आणि हरलं. भर बाजारात न्हाव्यासमोर बसून मिशी उतरवावी लागली. त्या मिशीला पीळ देत त्या माणसाने वीस वर्षं गावाला दरडावलं होतं. सर शेजारच्या खुर्चीवर दाढीला बसले होते. त्यांनी कागद घेतला, शून्य केलं, मिशी गोळा करून त्यावर ठेवली.

"शून्य पूर्णांक आठ," सर म्हणाले. "एक ग्रॅमबी भरंना."

न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. तो माणूस पुढे महिनाभर गंगाखेडला दाढीला आला नाही, परभणीला जायचा. मी स्वतः त्या दिवशी पोट धरून हसलो. आपल्याही दुकानात हा माणूस येतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर बायांची गर्दी. सर पिशवी घेऊन आले. "शेठ, जिरं. शंभर."

मी नेहमीसारखं केलं. पारडं येत आलं, थांबलो, हात उंच नेला, चिमूट सोडली. "घ्या सर, वरची. आमच्याकडून."

सरांनी खिशात हात घातला.

डबी माझ्याच फळीवर ठेवली. कोरा कागद ठेवला, शून्य केलं, कागदावर माझं जिरं ओतलं. शंभर. मी सगळ्या बायांकडे पाहिलं. छाती फुगली. म्हटलं, बघा, यंत्रही माझ्या बाजूने बोलतं.

"बरोबर शंभर," सर म्हणाले. "आता एक करा शेठ. तुमची ती वरची चिमूट तेवढी उचलून घ्या."

मी म्हटलं, "कामून?"

"घ्या तर."

मी उचलली. काचेत शहाण्णव पूर्णांक आठ.

सर थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. वर्गात गणित सुटल्यावर मास्तरांचा चेहरा होतो तसा झाला होता. "म्हणजे शेठ, चिमूट माझ्याच जिऱ्यातली की. माझंच मला वाढून वर 'आमच्याकडून' म्हणता व्हय?"

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. पण मग फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू गेलं. एक म्हातारी तर खालीच बसली हसता हसता. "अगं बया! धा वर्सं मी ह्याला आशीर्वाद दिऊ लागले चिमटीपायी!"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या आठवड्यापासून बाया दुकानात येऊन म्हणू लागल्या, "शेठ, चिमूट ऱ्हाऊ द्या, आधी पारडं झुकवा." ज्या हाताच्या मोठेपणावर दुकान उभं होतं, तो हात आता वर गेला की लोकांना हसू यायचं. विचार करा. एक ग्रॅम कमी दिला नाही, आणि गावात चोर ठरलो. माझं नाव गेलं होतं, आणि ते मला परत पाहिजे होतं. त्यासाठी ती डबी सगळ्यांसमोर खोटी पाडायची, असं मी ठरवलं.

डोकं लढवायला वेळ लागला नाही. भज्याच्या वेळी मी पाहिलं होतं, दारातून वारा आला की सर हाताचा आडोसा धरायचे. मी टेबल-पंखा आणून फळीच्या टोकाला ठेवला. पुढच्या बाजारी सर आले, पन्नास ग्रॅम लवंगा मागितल्या. मी मोजून दिल्या आणि मोठ्याने म्हटलं, "काढा सर तुमचं यंत्र! समद्यांदेखत मोजा!" आणि कोपराने पंख्याचं बटण दाबलं.

काचेत आकडे नाचू लागले. एकोणपन्नास, त्रेपन्न, सत्तेचाळीस, बावन्न. सर शून्य करत, पुन्हा ठेवत, आकडे पुन्हा नाचत. मी ओरडलो, "सर, तुमचं यंत्र पिऊन आलंय का?"

लोक हसले. मला पाहिजे होतं तसंच हसले. त्या हसण्यातच मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांनला आता काट्याचंबी नामांतर पाहिजे असंल!"

तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. विद्यापीठाच्या नावावरून गावोगावी घरं जळून गेली होती, आणि बरीच वर्षं झाली तरी ती धग गेली नव्हती. सर बौद्ध होते, हे गावाला माहीत होतं. पण माझ्या फळीसमोर ते कधी कुणी काढलं नव्हतं. त्या बोलण्यावरही लोक हसले. त्या हसण्याचा आवाज मात्र निराळा होता.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, "पंखा बंद करता का शेठ?"

बटण माझ्या कोपराजवळ होतं. मी दाबलं नाही. दाबलं असतं तर खेळ उघडा पडला असता. सरांनी लवंगा पिशवीत घातल्या, डबीचं झाकण लावलं आणि निघून गेले.

नाव परत मिळालं होतं. दुपारपर्यंत मी ते मिरवून पाहिलं. जमेना. जेवणही जाईना. शेवटी चाचाच्या हॉटेलात गेलो. सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. मी समोर बसलो आणि माफी मागायला म्हणून जो आलो होतो, तो भांडायलाच लागलो. माझा स्वभावच तसा.

"तुमीच आधी माझी इज्जत काढली! मी काय कमी दिलतं का?"

"न्हाई. बरोबर दिलतं."

"मग?"

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. "माझी माय बाजार करायची तवा आमाला दुकानाची पायरी चढता येत नव्हती. माय रस्त्यावर पदर पसरून उभी ऱ्हायची. दुकानदार वरून मिरची टाकायचा. तराजू आत. तो झुकला का उचलला, आमाला दिसायचंच न्हाई. वर आणिक एक चिमूट टाकायचा आणि म्हणायचा, घे, तुला म्हणून दिली. माय त्याला हात जोडायची. घरी आल्यावर मिरची तळहातावर घिऊन लय वेळ तोलत बसायची. मला विचारायची, बरोबर असंल का रं?"

टेबलावर उताणा पडलेला माझा तळहात मी मिटून घेतला.

"मला वरचं नको शेठ," सर म्हणाले. "मला बरोबर पाहिजे. आणि बरोबर हाय ते मला दिसलं पाहिजे. एवढंच."

"मग मी काय त्यातला हाय का?" मी पुन्हा तापलो. "ते मागून बोललेलं माझं नव्हतं!"

"पंखा तुमचा होता."

चाचा गल्ल्यावरून उठून आला आणि न विचारता दोन चहा ठेवून गेला. सरांनी खिशातून डबी काढून आमच्या मधोमध ठेवली, झाकण उघडलं, फुंकर मारली. काही मोजायला नव्हतं. तरी म्हणाले, "आधी शून्य करू," आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मी पंखा घरी नेला. आणि त्या दिवसापासून आधी पारडं पुरतं झुकवायचं, मग वर चिमूट टाकायची, असं सुरू केलं. खरी चिमूट. माझ्या पोत्यातली, माझ्या खिशाला खार लावणारी. आता सांगा, एवढं केल्यावर त्या माणसाने काय करायला पाहिजे होतं?

सर आले. जिरं घेतलं. मोजलं. एकशे तीन पूर्णांक दोन. त्यांनी वाकून, नखाच्या टोकाने दाणा दाणा उचलत वरचं जिरं बाजूला केलं. आकडा शंभरावर आला. बाजूला काढलेलं माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तुमचं."

"अहो सर, आता खरी हाय!"

"खरी हाय म्हणूनच वापस करायलोय. खोटी होती तवा माझीच होती."

तेव्हापासून आमची जुंपली. मी दर खेपेला चिमूट टाकायचो, ते दर खेपेला काढून द्यायचे. बाया मुद्दाम थांबून बघायच्या. मी युक्त्या केल्या. धण्याच्या पुडीत तळाशी दालचिनीचा तुकडा दडवला, तो शाळेच्या शिपायाहाती परत आला. बोलता बोलता त्यांच्या शर्टाच्या खिशात एक वेलदोडा सोडला. दुसऱ्या दिवशी तो फळीवर ठेवत म्हणाले, "शून्य पूर्णांक दोन. धुण्याच्या आधी सापडला म्हणून बरं." चाचाकडून चहात लवंग टाकवली, तर चहा पिऊन लवंग बशीत ठेवली आणि ती बशी माझ्या दुकानापर्यंत चालत आणून दिली. आयुष्यभर मी भाव करत आलो, पण माल फुकट घ्या म्हणून घासाघीस करायची वेळ याच माणसाने आणली. आणि त्यातही मी हरत होतो.

एकदाच त्यांनी डबी काढली नाही. विद्यापीठाचं नाव बदललं, त्या जानेवारीत. बाजार धास्तावलेला. मी अर्धं फाटक लावून बसलो होतो. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि त्यांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. मला संधी दिसली.

"सर, एक बरोबर हाय. दुसरा वरचा. काढा डबी, मोजू."

त्यांनी खिशावर हात ठेवला. तोंडभर हसले. तसे हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. "आज न्हाई मोजायचं शेठ. आज खायचं."

मी दोन्ही खाल्ले. म्हणजे पाहा, त्यांचं वरचं मी घेतलं. माझं त्यांनी घेतलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात ते आजारी पडले. परभणीच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते. परत आले ते काठी टेकत. पोळ्याच्या आधीच्या बाजारी हळूहळू चालत दुकानापर्यंत आले, फळीला धरून उभे राहिले.

"जिरं. शंभर."

मी मोजलं. पारडं झुकवलं. हात उंच नेऊन चिमूट सोडली आणि त्यांच्या खिशाकडे बघत उभा राहिलो. सरांनी डबी काढली, झाकण उघडलं, बटण दाबलं. काच कोरीच राहिली.

"सेल गेलेत," ते म्हणाले. "परभणीहून आणावं लागतील." एवढं बोलून त्यांनी पुडी उचलली, तशीच पिशवीत घातली आणि गेले.

मी दुकान उघडं टाकून चाचाकडे पळालो. "नेली! सरांनी चिमूट नेली!" हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना मी माझ्याकडून चहा पाजला. चाचा म्हणाला, "इत्ती खुशी तो अपनी शादी में नहीं हुई होंगी तुमको." खरं होतं ते.

तीन आठवड्यांनी सर गेले.

बौद्धांमध्ये गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदन करतात, त्याला मी गेलो. मागे बसलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, बोलावून घेतलं, आत गेल्या, आणि वहीच्या रेघांच्या कागदाची एक बारीक पुडी माझ्या हातात ठेवली.

"हे तुमचं म्हनून ठिवलंय त्यांनी. परभणीहून सेल मागवले, ते आले त्या दिवशी उशाला टेकून बसले आन् मोजलं. म्हनले, शेठ येतील तवा देजो. इसरू नको म्हनून दोनदा सांगितलं."

पुडीवर फळ्यावर लिहिल्यासारखं गोल अक्षर होतं. 'शेठ यांचे. ३.१ ग्रॅम.'

मला राग आला. हसू नका. खरोखर राग आला. मरायला टेकलेल्या माणसाने जिऱ्याचे दाणे निवडत बसायचं काय कारण होतं? तोच राग घेऊन मी सरळ सराफाकडे गेलो. गावात बारीक वजन करणारं आता तेवढं एकच ठिकाण राहिलं होतं. पुडी त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, मोज. निदान एकदा तरी हा माणूस चुकलेला मला पाहायचा होता.

सराफाने पुडी तशीच पारड्यात ठेवायला उचलली.

"तसं न्हाई," मी म्हणालो. "आधी शून्य कर."

सराफ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तराजूला बटण नव्हतं. मग त्याला समजलं. त्याने वहीच्या कागदाचा तेवढाच एक तुकडा कापला, घडी घातली आणि दुसऱ्या पारड्यात ठेवला. एकीकडे नुसता कागद, एकीकडे जिऱ्यासकट कागद. मग तो चिमट्याने कागदाशेजारी वजनं ठेवत गेला. काटा हलला, डुलला, मधोमध येऊन उभा राहिला.

"तीन पूर्णांक एक," सराफ म्हणाला. "बरोबर हाय."

ती पुडी अजून माझ्या फळीवर आहे. जिऱ्याचा वास कधीच गेला. पोत्यात ओतून टाकावी असं कितीदा मनात येतं. पण चिमूट एकदा वर टाकली की ती माझी राहत नाही, गिऱ्हाइकाची होते. ज्याची आहे त्याने नेली नाही, आणि मी ती परत घेतलेली नाही.